तांबडं पाणी कुठनं आलं

गडमुडशिंगीत वरात नवऱ्याच्या दारात पोचली, नवरी गाडीतून खाली उतरली आणि वाजंत्र्यांसकट सगळ्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. हिरव्या शालूवर कमरेखाली ताटाएवढा तांबडा डाग पडला होता, आणि तो ओला होता. बायकांनी झटकन तिच्याभोवती कडं केलं. पुरुषमंडळींना एकाएकी आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं. नवऱ्याची आत्या धोंडुबाई तेवढी भानावर होती. तिने गाडीत हात घालून मागची सीट दाबली, तळहात वर करून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "पोरीचं काय न्हाय. गाडीच गळतीया." त्या एका वाक्याने नवरीची अब्रू राहिली आणि बाळासोची गेली.

बाळासो उचगावचा. अंगाने दांडगा आणि आवाजाने त्याहून दांडगा. त्याची गाडी एका इनामदाराच्या घरातून आलेली, लांबलचक, पिस्त्याच्या रंगाची. आणि मुख्य म्हणजे तिचा टप मागे दुमडता यायचा. बंद गाडीत बसलेली नवरानवरी कुणाला दिसणार? म्हणून आसपासच्या गावांतल्या वराती, कुस्ती मारून आलेले पैलवान, निवडून आलेले सरपंच असे सगळे मिरवायचे ते बाळासोच्या गाडीतून. जुना टप विरला म्हणून त्याने चैत्रात कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या फक्रुद्दीन मिस्त्रीकडून काळ्या कॅनव्हासचा नवा टप करून घेतला होता. वरातीच्या आधी वळवाची सर आली तेव्हा हाच टप चढवून त्याने गाडी उभी केली, सर ओसरल्यावर टप दुमडला, सीटवर मखमलीची चादर टाकली आणि नवरानवरीला ऐटीत बसवलं. आता तो कुणाच्या नावाने खडे फोडणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिस्त्रीच्या दुकानापुढे आली ती हॉर्न वाजवतच.

"मिस्त्री, टप शिवलाय का चाळण शिवलीया?" बाळासोचा एक पाय अजून गाडीतच होता.

फक्रुद्दीन दुकानाच्या फळीवर बसून सीटमध्ये काथ्या भरत होता. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "काय झालं ते तरी सांगा."

बाळासोने सांगितलं. गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, म्हणजे गल्लीला वेगळं सांगायची गरज उरली नाही. "आजपतोर माझ्या गाडीत बसून मानसं ताठ मानेनं उतारली. काल पोरीला मान खाली घालाय लागली. अजून वराती तोंडावर हायत. दुपारपतोर ह्ये गळणं बंद करा, न्हायतर ह्यो टप फाडून मिरजंला दुसरा शिवून घेतो. आन् का फाडला ते स्टँडवर समद्यांस्नी सांगतो." किल्ली फळीवर आपटून तो मिसळ खायला निघून गेला. राग आला की बाळासोला भूक लागायची.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक पडदा होता. पडद्याआड पायमशीन होतं, आणि मशीनवर फक्रुद्दीनची बायको मलिका बसली होती. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. फक्रुद्दीनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू. आंबा पिकायला अढी घालता येते, मोतीबिंदूला कसली अढी घालणार? तोवर घर चालायला हवं. मलिकाचा बाप टांग्याचे टप शिवायचा, त्याच्या शेजारी बसून तिने लहानपणीच जाड कापडाला सुई कशी घालावी ते शिकून घेतलं होतं. तेव्हा मापं घेणं, ताणणं, खिळे मारणं फक्रुद्दीन हाताच्या अंदाजाने करायचा आणि शिलाई ती करायची. गिऱ्हाईक आलं की तो खाकरायचा. खाकरलं की मशीन थांबायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री शिवता शिवता उठून बाहेर आला.

फक्रुद्दीन पडदा सारून आत आला आणि चाचपत स्टुलावर बसला.

"ऐकलंस?"

"आख्ख्या गल्लीनं ऐकलं. मी काय भैरी हाय?"

"तुजा हात अजून बसला न्हाय, मलिका." तो हळू बोलला, आणि हळू बोलल्यामुळेच ते जास्त लागलं. "तुजी चूक न्हाय. माजीच हाय. बाईमानसाच्या गळ्यात मी ह्ये काम बांधायला नको हुतं. मशीन मिरजंला महंमदकडं धाडून देऊ. माज्याच्यानं हुतील तेवढ्या गाद्या मी भरीन."

महंमद त्याचा धाकटा भाऊ. मलिकाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला संताप आला. त्या टपाचा प्रत्येक दोरा तिने मेणातून ओढून घेतला होता. शिवणीवर मेणबत्ती घासताना तिच्या बोटांची सालं निघाली होती. आणि हा माणूस, ज्याने स्वतः त्या शिवणीवरून बोट फिरवून "झ्याक" म्हटलं होतं, तोच आज हात बसला नाही म्हणतो. डोळे गेले ते गेले, बोटंही विसरली का याची?

पण मलिकाला एक खोड होती, आणि त्या खोडीपुढे तिचा संतापही टिकायचा नाही. तिला प्रश्न पडायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिने सासूला, अमीरबीला विचारलं होतं की मोरीतलं पाणी भिंतीपलीकडे कुठे जातं. अमीरबी या घरात म्हातारी झाली होती पण तिला ते माहीत नव्हतं. "पानी जातंय न्हवं? मग जाऊ दे की," असं ती म्हणाली. मलिका भिंतीला वळसा घालून बघून आली तेव्हाच तिचा जीव भांड्यात पडला.

"अवं," ती म्हणाली, "पानी तांबडं कशानं झालं?"

"आं?"

"वरनं पडलं ते पावसाचं पानी. टप काळा. सीट पांढरी. चादर निळी. मग शालूला तांबडं पानी लागलं ते कुठनं आलं?"

मलिकाने उत्तराची वाट पाहिली नाही. पदर खोचून ती बाहेर गाडीकडे निघाली.

टप तिने शिवला, पण या गाडीत ती कधी बसली नव्हती. आज बसली. दरवाजा जड होता आणि लागताना त्याचा आवाज तिजोरीसारखा आला. पुढे चकत्यांवर काटे होते, एक झाकण उघडलं तर आत कुणा साहेबाने विझवलेल्या विड्यांची राख असावी अशी काळी डबी होती. एक बटण फिरवलं, काही झालं नाही. दुसरं फिरवलं, तेव्हा पुढच्या काचेवर पुसणी फिरायला लागली आणि तिने घाबरून ते परत फिरवलं. संसार मोडायची वेळ आलेली असताना बाई गाडीची बटणं फिरवत बसली होती, असं कुणी म्हणेल. म्हणो बापडं. काही माणसांना धीर असाच येतो.

मग तिने फक्रुद्दीनला हाताला धरून मागच्या सीटवर नेऊन बसवलं. टप चढवलेलाच होता.

"आता डोळ्यांचं काम न्हाय. बोटांचं हाय," ती म्हणाली. "शिवनीवर बोटं ठेवून बसा. मी भाईरनं पानी वतते. कुटं ओल लागली की सांगा. खोटं सांगू नका, माज्यासाटनं बी न्हाय."

समोरच्या नळावरून कळशी भरून तिने पहिल्यांदा पुढच्या शिवणीवर पाणी ओतलं. फक्रुद्दीनची बोटं आतून सरकत होती. "कोरडं." डाव्या अंगाला ओतलं. "कोरडं." उजव्या अंगाला. "कोरडं." मागच्या काचेभोवतीची शिवण सगळ्यांत अवघड, तिथे कॅनव्हास दुहेरी झाला होता आणि मशीनची सुई दोनदा मोडली होती. तिथे तिने सावकाश, धार धरून अख्खी कळशी रिकामी केली आणि ओठ आवळून उभी राहिली. दारात उभ्या असलेल्या शेजारणी काय म्हणतील याचा विचार तिच्या डोक्यात आलाच नाही.

आतून कॅनव्हासवर बोटं एकदा सरकली, परत सरकली.

"बोला की."

"शिवन कोरडी हाय," फक्रुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "समदी कोरडी हाय. पर मलिका, माजी पाठ भिजली."

ती धावत आत शिरली. टपाच्या आतल्या अंगाला थेंब नव्हता आणि फक्रुद्दीनचा सदरा मागून कमरेपर्यंत ओला होता, फिकट तांबडा. पाणी वरून आलंच नव्हतं. ते मागून आलं होतं. सीटच्या पाठीवरून तिने मागे वाकून पाहिलं आणि ती तशीच वाकून राहिली.

टप दुमडून ठेवायला सीटमागे एक आडवा खळगा होता, गाडीच्या रुंदीएवढा. टप चढवलेला असला की तो रिकामा असतो. आता तो काठोकाठ भरला होता. टपावरून ओघळलेलं पाणी मागच्या कडेच्या पन्हळीतून त्यात उतरत होतं आणि भरून सीटच्या पाठीवरून अलीकडे सांडत होतं. पाणी कुंकवाच्या रंगाचं. आणि खळग्याच्या डाव्या कोपऱ्यात, त्या तांबड्या पाण्यातून वर, बोटबोट उंचीचे पोपटी कोंब उभे होते, अगदी दाटीवाटीने.

"काय हाय?" फक्रुद्दीनने विचारलं.

"शेत हाय," मलिका म्हणाली.

बाळासो मिसळ खाऊन, वर चहा पिऊन शांत होऊन आला तेव्हा मिस्त्रीची बायको त्याच्या गाडीखाली होती. मागच्या चाकापुढे तिचे दोन पाय तेवढे दिसत होते. शांत झालेला बाळासो पुन्हा अशांत झाला.

"वैनी, गाडीखाली काय करताय तुमी? मिस्त्री कुटं हाय?"

मलिका बाहेर सरकली आणि साडी झटकून उभी राहिली. "दादा, ह्ये काय हाय सांगा." तिने मूठ उघडली. उपटलेले कोंब होते, मुळांना लाल दाणे चिकटलेले.

बाळासो शेतकऱ्याचा पोर, त्याला विचार करावा लागला नाही. "जोंधळा हाय."

"तुमच्या गाडीत उगवलाय."

बाळासोने मलिकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, परत कोंबांकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रुबाब उतरला. कोल्हापूरकडे अक्षता जोंधळ्याच्या, कुंकवात घोळवलेल्या. मांडवातल्या उरलेल्या अक्षता बाया वेशीपर्यंत वरातीवर टाकत राहतात, आणि उघड्या गाडीत त्या पडायला जागा भरपूर.

"आक्का म्हणती," बाळासो म्हणाला, आणि आईचं नाव काढताना त्याचा आवाज निम्म्यावर आला, "अक्षता पायदळी येऊ द्यायच्या न्हाईत. केरात बी टाकायच्या न्हाईत. कुणाच्या तरी लग्नाचा आशीर्वाद हाय त्यो. म्हनून वरात झाली की मी समद्या हातानं गोळा करतो. मागं त्या खड्ड्यात दोन कोपऱ्यांला दोन भोकं हायत. म्हटलं, गाडी करणाऱ्यानं इचार करूनच ठेवली असतील. भोकातनं खाली जातील, मातीला मिळतील. त्यात सोडायचो आन् हात जोडायचो."

"खाली पडताना कदी बगितल्या?"

"न्हाय. हात जोडल्यावर खाली वाकून कोन बगतंय?"

मलिका हसली नाही. तिला हसू येत होतं, पण त्याहून जास्त तिला पुढचं बघायचं होतं. "ती भोकं अक्षतांची न्हाईत, दादा. पान्याची हायत. आमच्या मोरीला जसं भोक, तसं. भोकाला रबराची नळी हाय, ती हितं चाकाम्होरं भाईर येती. दोनी अंगाला. मी आत्ताच बगितलं. दोनी नळ्यांची तोंडं कोरडी ठनठनीत हायत. तुमी दोन्ही मोऱ्या दानं घालून बुजवल्यात, आन् गाडी धुतल्याचं पानी पिऊन ते उगवल्यात."

फक्रुद्दीन दाराला टेकून ऐकत होता. तो आत गेला आणि हातात दाभण घेऊन आला. मलिकाने ते काढून घेतलं. दाभणाने रबर फाटलं असतं, म्हणजे एक गळणं बुजवताना दुसरं पाडून ठेवायचं. तिने फळीखालच्या डब्यातून पडद्याची स्प्रिंग काढली. वाकते, पण टोचत नाही. वरच्या भोकातून ती हळूहळू नळीत सरकवायची, अडली की फिरवायची, थोडी मागे ओढायची, परत सरकवायची. दर खेपेला टोकाला तांबड्या लगद्याचा गोळा यायचा. वरचे दाणे ताजे, मोड आलेले, त्याखालचे काळपट, त्याखाली झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल. आंबील नासल्यासारखा वास सुटला. बाळासोने अंगावरचा टॉवेल काढून पसरला आणि निघेल ते त्यावर घेऊ लागला. टाकून द्यायची त्याची अजूनही छाती होत नव्हती.

एका ठिकाणी स्प्रिंग पुढे जाईना. नळीला तिथे वळण असावं. मलिकाने स्प्रिंग काढून ठेवली. मग तिने शेजारच्या अमीनच्या सायकलच्या दुकानातून हवेचा पंप मागून आणला, त्याचं तोंड चिंधी गुंडाळून भोकात घट्ट बसवलं आणि दांडा दाबायला लागली.

"खाली काय हालतंय का बगा, दादा."

बाळासो गाडीखाली वाकला. त्याला नीट दिसेना म्हणून गुडघ्यावर बसला. तरी दिसेना म्हणून त्याने नळीच्या तोंडाला एक डोळा लावला. इतक्या वरातींत खाली वाकून न बघितल्याची भरपाई तो एकदमच करायला गेला, आणि नेमक्या त्याच घटकेला नळी मोकळी झाली. आधी लगदा आला आणि मागोमाग अख्ख्या खळग्याचं पाणी. कपाळापासून पांढऱ्या सदऱ्यापर्यंत बाळासो कुंकवाने न्हाला. गडमुडशिंगीच्या नवरीचं उसनं असं दुसऱ्याच दिवशी फिटलं.

गल्ली हसली. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. बाळासो तोंड पुसत उभा राहिला, सगळ्यांकडे एकदा बघून शेवटी आपणही हसला. "दुसऱ्या अंगाला मी पंप मारतो," तो म्हणाला. "खाली वाकायचं काम तुमी कुणीबी करा."

दुसरी नळी सोपी गेली. मग फक्रुद्दीन परत मागच्या सीटवर बसला आणि बाळासोने स्वतःच्या हाताने टपावर कळशीमागून कळशी पाणी ओतलं. पाणी टपावरून ओघळलं, पन्हळीत उतरलं आणि दोन्ही चाकांपुढून स्वच्छ धारांनी रस्त्यावर आलं. मलिका खाली वाकून ते बाहेर येताना बघत होती. भिंतीला वळसा घालून गेल्यावर वाटलं होतं तेच तिला आता वाटलं.

"पाठ?" तिने विचारलं.

"कोरडी," फक्रुद्दीन आतून म्हणाला.

बाळासोने कळशी खाली ठेवली. "मिस्त्री, सकाळी मी लई बोललो. चूक माजी हुती, बोल तुमाला लावला. टप तुमचा नंबरी हाय. स्टँडवर सांगतो समद्यांस्नी. आता ती सीट तेवडी नवी करून द्या, तिचा पार सत्यानाश झालाय."

"देतो की. बसा."

फक्रुद्दीन गाडीतून उतरून आपल्या फळीवर जाऊन बसला. सीटचं भिजलेलं कव्हर उसवून त्याने मलिकाच्या हातात दिलं आणि नवं कापड मापून, कापून वर ठेवलं. मलिका पडद्याआड गेली. टपाचं कौतुक तिने ऐकलं होतं आणि कुणाला मिळालं तेही ऐकलं होतं. तिला वाईट वाटलं. सकाळी ती संतापली होती ते बरं होतं, त्यात निदान जोर होता. नवऱ्याने मशीन मिरजेला धाडणार की नाही हेही अजून सांगितलं नव्हतं. तिने दोरा मेणातून ओढून घेतला, सुईत ओवला, कापडाची घडी दाबाखाली सरकवली आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर गिऱ्हाईक बसलेलं असताना मशीन चालवायचं नाही हा घरचा कायदा. बाळासो गेल्यावर शिवायचं.

"मलिका," बाहेरून फक्रुद्दीनची हाक आली. "बसलीस का? दादा थांबल्यात, सीट संगं घिऊन जानार हायत."

ती गोंधळली. मग तिने पाय पट्टीवर ठेवला. मशीन चाललं, तसा तो आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटला. एक शिवण सरळ गेली. आता तो खाकरेल. कोपऱ्याशी कापड वळवलं, दुसरी शिवण सुरू केली. आता खाकरेल. तिचा कान पडद्यापाशी होता आणि पाय तिच्या नकळत सावकाश झाला होता.

बाहेर बाळासो एकदम बोलायचा थांबला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुमी हितं माज्याम्होरं बसलाय."

"व्हय."

"मग आत कोन शिवतंय?"

फक्रुद्दीनने घसा साफ केला नाही. "तुमचा टप जिनं शिवला ती," तो म्हणाला. "मला आता दिसत न्हाय, दादा. वरीस झालं. सकाळी तुमी टपाला चाळण म्हणाला, तवा मी बी मनातनं तुमच्याच बाजूनं झालतो. मी तिला म्हटलं, तुजा हात बसला न्हाय. ते तुमच्याम्होरं परत घेतो."

मशीन थांबलं. कुणी खाकरलं नव्हतं, पण मलिकाला समोरची शिवण दिसेनाशी झाली होती.

मग बाळासोचा तो दांडगा आवाज पडद्यातून सरळ आत आला.

"वैनी, थांबला कशापायी? शिवा की. वरात माज्यासाठी थांबनार हाय व्हय?"

मलिकाने पदराने डोळे पुसले आणि पायाने पट्टी दाबली.